चमक जायच्या आत
वाचकांचे प्रश्न : जलरंग आणि खुणांचे खेळ

पावसाळा सुरू झाला की या सदराकडे एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत येते: रंग वाळत नाही, आणि वाळला तरी हवा तसा दिसत नाही. या वेळची निम्मी पत्रं त्याच धाटणीची आहेत. पहिलं उत्तर त्यामुळे लांबलं आहे; पुढच्या दोन-तीन उत्तरांना त्याचा आधार लागेल, म्हणून ते आधी वाचावं.

ओल्या रंगावर मीठ टाकून चांदण्या उमटवायचं तंत्र एप्रिलमध्ये मला छान जमत होतं. जुलैत मात्र पुसट डाग येतात, नाहीतर काहीच येत नाही. मीठ तेच, कागद तोच, रंगही तेच. काय चुकतंय? (एक वाचक, विक्रोळी)

हवा ती नाही. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठसुद्धा आपणहून पाणी धरू लागतं, आणि मुंबईत जुलैत ती बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते आणखी लवकर पाघळतात. कागदावर पडण्याआधीच तुमचा खडा अर्धा भिजलेला असेल, तर तो भोवतालचं पाणी काय ओढणार? चार चमचे जाडं मीठ कोरड्या तव्यावर मंद आचेवर तीन-चार मिनिटं परता, पूर्ण गार झालं की घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा. लागेल तेवढं चिमटीत घ्या आणि झाकण लगेच लावा. ताटलीत काढून ठेवलेलं मीठ पाऊण तासात पुन्हा ओलसर होतं.

दुसरा भाग वेळेचा, आणि तो फक्त मिठापुरता नाही. भिजलेला कागद वाळेपर्यंत पाच अवस्थांतून जातो. पहिलीत पाणी साचलेलं असतं, कागद तिरका केला की धावतं. दुसरीत ते धावत नाही, पण त्यात खिडकीचं प्रतिबिंब स्वच्छ दिसतं. तिसरीत प्रतिबिंब मोडतं आणि चमक मंद होते. चौथीत चमक गेलेली असते, पण हाताची पालथी बाजू टेकवली तर गार लागतं. पाचवीत कागद कोरडा. मीठ टाकायचं ते दुसरी संपून तिसरी लागताना. आधी टाकलं तर ते विरघळून नुसतं खारट पाणी होतं आणि रंग सगळीकडेच फिका पडतो. तुमचे पुसट डाग ते हेच. उशिरा टाकलं तर खडे कागदावर बसून राहतात आणि झटकले की खाली काही नसतं. चमक वरून बघून कळत नाही. कागद डोळ्यांच्या पातळीला आणा आणि उजेडाच्या दिशेने तिरकस पाहा.

एप्रिलात या अवस्था भराभर येतात आणि जातात, म्हणून क्षण पकडावा लागतो. पावसाळ्यात उलट दुसरी अवस्था कंटाळा येईल इतकी लांबते आणि माणूस वाट न पाहता मीठ टाकून मोकळा होतो. पंखा थेट कागदावर सोडू नका. कडा आधी वाळतात, मधलं पाणी तिकडे पळतं आणि चांदण्यांऐवजी काठ उठतात. टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावा, खोलीतली हवा फिरली तरी पुरे. एसी असेल तर काम सुरू करण्याआधी अर्धा तास लावून ठेवा. हेअर ड्रायर तर मुळीच नको.

पोस्टकार्डाएवढ्या जागेला आठ-दहा खडे खूप झाले. मूठभर टाकलं तर परिणाम एकमेकांत मिसळून पांढुरका पट्टा होतो. रंग गडद असावा. फिक्या पिवळ्यावर मीठ टाकणं म्हणजे मीठ वाया घालवणं. पूर्ण वाळल्यावर जुन्या कार्डाच्या कडेने खडे खरवडून काढा. तरी थोडं मीठ कागदात राहतंच, आणि दर पावसाळ्यात ते ओल ओढत राहील. त्यामुळे मिठाचं चित्र मुंबईच्या भिंतीवर काचेमागे लावायला आमची पसंती नाही. स्कॅन करा आणि छापील प्रत लावा.

रंग छान वाळत आलेला असतो आणि मध्येच फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, कातरलेल्या काठाचा डाग उठतो. कागद बदलू का? (कांदिवली)

कागदाने काही केलेलं नाही. तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत तुम्ही जास्त ओला ब्रश टेकवताय. पाणी जास्त ओलीकडून कमी ओलीकडे सरकतं, सरकताना रंगाचे कण पुढे ढकलतं, आणि जिथे थांबतं तिथे ते कण साचून काठ होतो. हात न लावताही हे घडतं: कागद फळीला चिकटवलेल्या टेपच्या कडेला साचलेलं पाणी मागे फिरतं. लेप देऊन झाला की पिळलेल्या ब्रशने किंवा टिश्यूच्या टोकाने चारही कडा टिपून घ्या. तिसऱ्या अवस्थेत काही करायचंच असेल तर ब्रश कागदापेक्षा कोरडा हवा. चौथीत हात मागे.

मुद्दाम हे डाग उठवायला शिकलात तर हातात चांगलं हत्यार येईल. निळ्या-करड्या रंगाचा गडद लेप द्या, चमक मंद होऊ लागली की ड्रॉपरने स्वच्छ पाण्याचा एक थेंब सोडा, वीस सेकंद थांबा, त्याच जागी दुसरा सोडा. काठावर काठ चढतो. पावसाळी आभाळ किंवा ओल धरून पोपडे आलेली चाळीची भिंत याहून सोप्या रीतीने निघत नाही.

प्रयोगांसाठी महागडा कागद लावायचा जीव होत नाही. साध्या ड्रॉइंगबुकात चालेल का? आणि मागच्या वर्षी आणलेल्या कागदावर रंग लावला की काळपट ठिपके उठतात, ते कशाने? (गोरेगाव)

ड्रॉइंगबुकाचा कागद पाणी लागताच फुगतो, दोनदा ब्रश फिरला की त्याची लव निघते. कोरड्या खुणांना तो चालेल, ओल्या खेळांना नाही. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा, जाड) एक पूर्ण कागद, म्हणजे २२ बाय ३० इंच, घ्या आणि अर्ध्यावर अर्धं करत त्याचे साडेपाच बाय साडेसात इंचांचे १६ तुकडे करा. १६ प्रयोग होतात आणि प्रत्येकाची किंमत तेवढी बोचत नाही. प्रत्येक तुकड्याच्या मागे पेन्सिलने लिहा: रंग कोणता, कोणत्या अवस्थेत काय टाकलं, पंखा होता का. हे न लिहिलेला प्रयोग दुसऱ्यांदा जमत नाही.

शंभर टक्के कापसाचा कागद पाणी आत घेतो आणि सगळीकडे सारखा, सावकाश वाळतो. ओल्यावर ओला रंग सोडायचा तर तोच घ्या. लाकडाच्या लगद्याचा कागद स्वस्त, वर वर वाळणारा, काठ चटकन धरणारा. पण त्यावरून वाळलेला रंग पुन्हा भिजवून उचलता येतो, आणि मीठ, मेण, प्लॅस्टिक या खेळांना तो पुरेसा आहे. मुंबईत कागदाचा घाऊक बाजार अब्दुल रेहमान स्ट्रीटवर; तिथे जाणार असाल तर कागदाचा पृष्ठभाग बोटाने चाचपून, उजेडात धरून घ्या.

काळपट ठिपके म्हणजे कागदावरचं सायझिंग तिथे मेलं आहे. सायझिंग हे जिलेटिन किंवा तत्सम खळीचं अस्तर, ते रंगाला लगेच आत मुरू देत नाही. दमट कपाटात त्यावर बुरशी धरते आणि तेवढ्याच ठिकाणी रंग टिपकागदावर पडल्याप्रमाणे शोषला जातो. कोरडा कागद पाहून हे कळत नाही, पहिला लेप दिल्यावर कळतं. असा कागद फेकू नका, खाली सांगितलेल्या छापांना वापरा. नवा कागद मात्र झिपच्या पिशवीत, सिलिका जेलची पुडी घालून, भिंतीला न टेकवता आडवा ठेवा.

ब्रशशिवाय खुणा करायच्या आहेत. घरात काय काय वापरता येईल? (परळ)

काय वापरता येणार नाही हे सांगणं सोपं. तरी ज्यातून खरोखर वेगळी खूण मिळते अशा काही वस्तू सांगतो.

बोरू पहिला. टोक धारदार चाकूने तिरकं छाटा आणि मधोमध अर्धा सेंटिमीटर चीर द्या. पाण्यासारखा पातळ रंग बोरूत थांबत नाही, टेकवल्याबरोबर ओघळतो. ट्यूबमधला रंग सायीएवढा दाट ठेवा, ओघळ तरीही येत असेल तर डिंकाच्या पाण्याचे दोन थेंब घाला. भरपूर रंग असताना जाड रेघ, संपत आला की तुटक कोरडी रेघ, या दोन्ही एकाच फटकाऱ्यात मिळतात.

खराट्याच्या दहा-बारा काड्या सारख्या लांबीच्या कापून रबरबँडने बांधा: गवत, पावसाच्या सरी, माडाच्या झावळ्या. कडुनिंबाचं दातवण एका टोकाला ठेचून तंतू मोकळे केले की रांगडा ब्रश होतो. वारली चित्रकार बांबूची काडी टोकाला चावून मऊ करतात, ती याच जातीची. पालघर, डहाणू भागातली ही चित्रं गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने काढली जात. जिव्या सोमा मशे यांनी ती कागद-कापडावर आणून जगभर नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या काडीचा मुद्दा असा की ती फार रंग धरत नाही, म्हणून रेघ छोटी आणि नेमकी येते.

जुनं एटीएम कार्ड कात्रीने कापून एक, दोन आणि चार सेंटिमीटरच्या पट्ट्या करा. इथे पुन्हा चमक पाहावी लागते. दुसऱ्या अवस्थेत ओरखडा काढला तर कागदाला पडलेल्या खाचेत रंग वाहून येतो आणि रेघ गडद होते. तिसरी संपताना तीच पट्टी तिरकी धरून दाबून ओढली तर रंग बाजूला सरतो आणि रेघ उजळ निघते. खडक, झाडाची खोडं, बोटींच्या डोलकाठ्या यासाठी दुसरा प्रकार.

छापांसाठी भेंडी सगळ्यांना ठाऊक आहे. त्याहून सुंदर छाप केळीच्या खुंटाचा येतो. सत्यनारायणाच्या पूजेनंतर उरलेल्या खुंटाची दोन सेंटिमीटरची आडवी चकती कापा आणि रद्दी कागदावर पाच मिनिटं पालथी ठेवून पाणी निथळू द्या. ही पायरी गाळली तर छाप वाहतो, कारण खुंटात पाणी फार. मग स्पंजने दाट पोस्टर रंग लावून दाबा. आतल्या पोकळ्यांची जाळी जशीच्या तशी उतरते. केळीचा चीक कपड्यावर पडला तर डाग जात नाही, हे लक्षात ठेवा. वाळलेल्या घोसाळ्याचं जाळं, मच्छरदाणीचा तुकडा, लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेली सुतळी यांचेही छाप चांगले येतात.

हे सगळं एका बैठकीत आणि एकाच रंगात करा. कागदावर २४ चौकोन आखा, प्रत्येकात एक वस्तू, एक खूण. रंग एकच असला की नजर खुणेवर राहते.

मी सातवीत आहे. मेणबत्तीने चित्र काढून वरून रंग दिला की ते जादूने दिसतं असं ताईने सांगितलं. माझं दिसतच नाही. (गिरगाव)

तू बहुधा पोस्टर रंग दाट लावलास. मेणावर पाणी ठरत नाही, म्हणून पातळ रंग तिथून सरकतो आणि खालचा पांढरा कागद दिसतो. दाट रंग मेणाला झाकूनच टाकतो. एक चमचा रंगात पाच चमचे पाणी घाल, मोठा मऊ ब्रश घे आणि एकदाच फिरव. तीच जागा घासत बसू नकोस. मेणबत्ती जोर देऊन घास. पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही ना? मोबाइलचा टॉर्च कागदाच्या बाजूने आडवा धर, मेण चमकेल.

ते जमलं की ही दुसरी जादू कर. पाव वाटी कोमट पाण्यात अर्धा चमचा हळद ढवळून कागदावर लाव आणि पूर्ण वाळू दे. दुसऱ्या पाव वाटीत एक चमचा खायचा सोडा विरघळव. इअरबड त्यात बुडवून पिवळ्या कागदावर चित्र काढ: रेघा लालसर तपकिरी होतील. त्यावर लिंबाचा थेंब टाकलास तर पुन्हा पिवळ्या. हळदीतला रंग आम्लात पिवळा राहतो आणि सोड्यासारख्या अल्कलीत लाल होतो. कपड्यावर हळद सांडली आणि आईने साबण लावताच डाग लाल झाला तर घाबरू नका. धुऊन उन्हात वाळत घाला, बराचसा उडतो. चित्रही त्याच कारणाने उजेडात उडेल, म्हणून वहीत मिटून ठेव.

घरी गेरूपासून जलरंग करायचा आहे. लाडवांचा डिंक आणि उरलेली रांगोळी चालेल का? (एक आजी, बोरिवली)

आजी, गेरू उत्तम, डिंक पाहून, रांगोळी नको. रंगीत रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी आणि वरून चढवलेला रंग. पाण्यात तो सुटतो आणि खाली पांढरट कच उरते. डिंक बाभळीचा असेल तर स्वच्छ विरघळतो. धावड्याचा पूर्ण विरघळत नाही, चिकट गोळे राहतात. वाटीभर पाण्यात चार खडे रात्रभर ठेवून पाहा. सकाळी पाणी एकसारखं झालं तर तो वापरा, नाहीतर रंगांच्या दुकानातून गम अरेबिकची पूड आणा.

कुंड्यांना लावायचा गेरू नर्सरीत मिळतो, त्यात वाळू असते. वाटीभर गेरू एक लिटर पाण्यात ढवळा, अर्धं मिनिट थांबा, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता आणि तळाची कच टाकून द्या. असं दोनदा. गढूळ पाणी रात्रभर निवू द्या, वरचं नितळ पाणी काढा, खालचा गाळ ताटात वाळवा.

दोन चमचे डिंकाची पूड चार चमचे गरम पाण्यात भिजवा, मलमलच्या फडक्यातून गाळा, त्यात अर्धा चमचा मध आणि लवंगेच्या तेलाचा एक थेंब घाला. लवंग बुरशीला थोपवते, मधामुळे वडी तडकत नाही. आता एक भाग गेरू आणि एक भाग हे द्रावण गुळगुळीत फरशीवर, सपाट बुडाच्या काचेच्या बाटलीने पंधरा-वीस मिनिटं घोटा. खसखस आवाज थांबला की झालं. कागदावर एक पट्टा ओढून वाळवा आणि बोटाने चोळा. बोटाला रंग लागला तर डिंक कमी पडला. पट्टा चकचकीत दिसून तडकला तर डिंक जास्त झाला, थोडा गेरू वाढवा. पावसाळ्यात मध निम्मा करा, नाहीतर वडी महिनाभर चिकटच राहते. कोरडी पूड हाताळताना तोंडाला फडकं बांधा, आणि ही भांडी स्वयंपाकात परत नेऊ नका.

सोसायटीत ४० मुलांसाठी दोन तासांचं शिबिर घ्यायचं आहे. प्रत्येकाला काहीतरी हातात न्यायला मिळावं. पाण्याचे नळ दोनच. (मुलुंड)

पारदर्शक प्लॅस्टिक फायली कापून त्यावरून छाप घ्या. मुलामागे एक चमचा, म्हणजे ५ मिली पोस्टर रंग धरला तर २०० मिली लागतो. सांडलवंड धरून ३०० मिली आणा. तीन रंग पुरेत. चौथा आला की दहा मिनिटांत सगळ्यांचा रंग चिखलाचा होतो. दर १०० मिलीला एक चमचा ग्लिसरीन मिसळा म्हणजे पंख्याखाली रंग लगेच वाळत नाही. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंबही घाला, नाहीतर प्लॅस्टिकवर रंग थेंब थेंब होऊन सुटतो.

मुलांनी प्लॅस्टिकवर पातळ थर पसरायचा, बोटाने, कंगव्याने, काडीने त्यात खुणा काढायच्या, वर १२० जीएसएमचा कागद ठेवून चमच्याच्या पाठीने मधून बाहेर घासायचं. पहिल्या छापानंतर प्लॅस्टिकवर स्प्रेने हलकं पाणी मारलं की दुसरा, फिका छाप निघतो. बरेचदा तोच जास्त देखणा. चुकतं ते दोन ठिकाणी. थर जाड असला तर दाबल्यावर सगळ्या खुणा बुजतात, आणि कागद उचलून पुन्हा ठेवला तर रेघा दुहेरी येतात.

नळाची गरज पडू नये म्हणून आधी रद्दीने पुसायचं आणि मग ओल्या फडक्याने. दोन बादल्यांत भागतं. ओले छाप एकावर एक रचू नका, रंगातल्या डिंकाने चिकटतील. दोरी बांधून चाळीस चिमटे तयार ठेवा.

मास्किंग फ्लुइड काढताना कागदाचा पापुद्राच निघाला. (माहीम)

कागद आतून ओला होता. मास्किंग फ्लुइड म्हणजे जागा पांढरी राखायला रंगाआधी लावायचा रबराचा चीक. तो दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवला, उन्हात ठेवला किंवा ड्रायरने तापवला तरी कागदाला घट्ट धरतो. पावसाळ्यात रात्रभर थांबा, सकाळी बोटाने मधल्या दिशेला चोळत काढा. बाटली हलवू नका, बुडबुडे येतात, काडीने ढवळा. ब्रश आधी साबणात बुडवा, नाहीतर तो गेला.

आणि दर वेळी हा चीक लागतोच असं नाही. मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं चित्रकार सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र जलरंगातलं आहे. जलरंगातला उजेड हा राखलेल्या कागदाचा असतो. आधी कुठे रंग द्यायचा नाही ते ठरवा.

थोडक्यात

ओल्या रंगावर सॅनिटायझरचे थेंब (चेंबूर): जेल नको, ते कागदावर राहतं. ७० टक्क्यांचं सर्जिकल स्पिरिट इअरबडने चार इंचांवरून सोडा, वेळ मिठाचीच. रंग बाजूला सरून गोल कडी उमटतात. खिडकी उघडी ठेवा, गॅसजवळ नको.

क्लिंग फिल्म (वडाळा): अन्न झाकायचं हे पातळ प्लॅस्टिक पहिल्या अवस्थेत रंगावर चुरगाळून ठेवा. वाळण्याआधी उचललीत म्हणून रेघा विरघळल्या. जुलैत पूर्ण एक दिवस राहू द्या.

टूथब्रशचे शिंतोडे अंगावर येतात (भायखळा): अंगठा केसांवरून स्वतःकडे ओढा, थेंब पुढे उडतील. रंग पातळ असेल तर मोठे थेंब पडतात. आधी रद्दीवर दोनदा झटका.

जलरंगाच्या पॅलेटमध्ये ॲक्रिलिक वाळलं (सांताक्रूझ): ते पाण्याने पुन्हा सुटणार नाही. गरम पाण्यात अर्धा तास भिजवा आणि कडेपासून नखाने पापुद्रा उचला; प्लॅस्टिकवरून बहुधा अखंड निघतो. ब्रशमध्ये वाळलं असेल तर तो आता खुणा करायला ठेवा.